सरवा

दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची सुगी उरकते आणि मोकळ्या रानात वाकलेल्या बायका दिसू लागतात. खांद्याला पिशवी, सोबत एखादं पोर. पीक निघाल्यावर रानात राहिलेलं वेचून आणायचं, यालाच आपल्याकडे म्हणतात सरवा.

सोयाबीन काढायला उशीर झाला की शेंगा तडकतात, दाणे मातीत सांडतात. भुईमूग उपटताना शेंगा तुटून जमिनीतच राहतात, त्या खुरप्यानं उकराव्या लागतात. मालकाला हे गोळा करणं परवडत नाही. पण ज्या घराला गुंठाभर जमीन नाही, तिथं यातूनच चार दिवस चूल पेटते.

ही रीत फार जुनी. असं दाणे वेचून जगण्याला आपल्या ग्रंथांत उंछवृत्ती म्हटलंय. महाभारतातली मुंगसाची गोष्ट आठवते ना? वेचलेल्या धान्याचं सातूचं पीठ उपाशी कुटुंबानं पाहुण्याला वाढलं. त्या जागी लोळून मुंगसाचं अर्धं अंग सोन्याचं झालं. उरलेलं अर्धं युधिष्ठिराच्या अश्वमेधातही झालं नाही!

हे सगळं मला पाठ होतं. तरी गेल्या वर्षी चूक झालीच. आमच्या बचत गटातल्या एका मावशींनी विचारलं, "ताई, तुमच्या रानात सरवा येचू का?" मी म्हटलं, "अहो, त्यात काय विचारायचं?" दुसऱ्या दिवशी त्या गेल्या, तर रानात रोटाव्हेटर फिरून गेलेला. रिकामी पिशवी घडी करत म्हणाल्या, "असू द्या ताई." मला मात्र रात्री जेवण गेलं नाही.

घरी विचारलं तर हे म्हणाले, "वापसा गेला असता, हरभरा पेरायचा होता." त्यांचंही खोटं नव्हतं. पण यंदा मी आधीच सांगून ठेवलं, मळणीनंतर दोन दिवस रान तसंच ठेवायचं. मावशींनी शेंगा वेचल्या, अंगणात वाळवून बडवल्या, सुपानं पाखडल्या. घमेलंभर दाणे निघाले. आमचा हरभराही वेळेत पेरला गेला.

मैत्रिणींनो, सातबाऱ्यावर आपलं नाव असो वा नसो, घरात एवढं तर आपण नक्की सांगू शकतो. सरवा वेचणारी बाई चोर नाही, तिला हुसकावू नका. फक्त दोन दिवस थांबा.