रेईश मागूशचे चर्च

मांडवीच्या उत्तर तीरावर, पणजीसमोर, रेईश मागूश गावचे चर्च फ्रान्सिस्कन संन्याशांनी १५५५ मध्ये उभारले. बार्देशातले हे पहिले चर्च. शेजारचा किल्ला १५५१ चा. जांभ्या दगडाच्या पायऱ्या चढून गेले की पांढरा दर्शनी भाग समोर येतो, त्यावर पोर्तुगालचे राजचिन्ह. पायऱ्यांच्या पायथ्याचे दगडी सिंह मात्र थांबून पाहावेत असे आहेत, कारण त्यांची घडण मंदिरशिल्पाची आहे. आतले खरे वैभव वेदीवरच्या रंगीत लाकडी कोरीवकामात आहे: बाळ येशूला भेटी अर्पण करणारे पूर्वेचे तीन राजे. व्हाइसरॉय लुईश द आताईद यांची समाधीशिळाही याच चर्चमध्ये आहे. दर ६ जानेवारीच्या फेस्ताला तीन मुले मुकुट घालून या राजांच्या वेषात येतात.