जादूगारांतील अजाणता चौर्य : युक्ती, टीका आणि लौकिक

वाङ्मयचौर्याचा आरोप पारखावयाचा झाला म्हणजे आपण दोन संहिता शेजारी शेजारी ठेवतो. शब्द कितपत जुळतात, कोणती संहिता आधी छापली गेली, नंतरच्या लेखकास ती पाहावयास मिळण्याचा संभव होता काय, या प्रश्नांची उत्तरे बहुधा कागदावरच सापडतात. परंतु ज्या कलेचे मर्मच लपवून ठेवावयाचे असते, तिच्या बाबतीत हा पुरावा आणावयाचा कोठून? व्यावसायिक जादूगारांचा व्यवसाय हे अशा कलेचे उत्तम उदाहरण होय. तेथे हेतुपुरस्सर केलेली चोरी, नकळत झालेली उसनवारी आणि दोघांना स्वतंत्रपणे सुचलेली कल्पना या तिन्ही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. त्यांतील भेद स्पष्ट होत नसेल तर एखाद्याच्या नावलौकिकाचा निवाडा कशाच्या आधारे करावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम जादूच्या प्रयोगाची तीन अंगे वेगळी केली पाहिजेत. प्रेक्षकांना जे घडल्यासारखे वाटते तो परिणाम. तो ज्या साधनाने घडवून आणला जातो ती युक्ती. आणि ज्या कथेतून, बोलण्यातून व हावभावांतून तो रंगवला जातो ती मांडणी. परिणाम मोजकेच असतात. वस्तू नाहीशी होते, प्रकट होते, रूप बदलते, अधांतरी राहते, तुटते आणि पुन्हा सांधते. त्यांवर कोणाचाही एकट्याचा हक्क नाही. युक्ती ही श्रमाने शोधलेली असते, पण ती गुप्त असते. मांडणी उघड असते आणि तीच सर्वांत व्यक्तिगत असते. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त काव्यार्थांच्या साम्याचे प्रतिबिंबवत्, आलेख्यवत् आणि तुल्यदेहिवत् असे तीन प्रकार मानले असून पहिले दोन त्याज्य व तिसरा ग्राह्य ठरवला आहे. दोन माणसांची शरीरे सारखी दिसली तरी त्यांचे आत्मे भिन्न असू शकतात, हे त्यामागील तत्त्व. जादूच्या क्षेत्रातही परिणामाचे साम्य हे तुल्यदेहिवत् असू शकते. युक्ती व मांडणी या दोहोंचे साम्य मात्र प्रतिबिंबाकडे झुकते.

या भेदाची कसोटी पाहण्यास १९२१ मधील वाद उपयोगी पडतो. १७ जानेवारी १९२१ रोजी लंडनच्या फिन्सबरी पार्क एम्पायर नाट्यगृहात पी. टी. सेल्बिट याने पेटीत बंद केलेल्या स्त्रीला करवतीने कापण्याचा खेळ जाहीरपणे केला. त्याच वर्षी अमेरिकेत होरेस गोल्डिन याने आपला खेळ रंगमंचावर आणला आणि ही कल्पना आपणास पूर्वीच सुचली होती असा दावा केला. सेल्बिटच्या खेळात स्त्री पेटीत पूर्णपणे झाकलेली असे. गोल्डिनच्या खेळात मस्तक, हात व पाय बाहेर दिसत. परिणाम एकच, पण रचना भिन्न. शिवाय माणसाचे दोन तुकडे करून ते पुन्हा जोडण्याच्या खेळाचे वर्णन फ्रेंच जादूगार रोबेर-उदॅं याच्या १८५८ च्या आत्मचरित्रात आधीच आलेले होते. अशा स्थितीत अग्रक्रमाचा प्रश्न वाटतो तितका सरळ राहत नाही. पुढे सेल्बिट अमेरिकेत गेला, तेव्हा खेळाला साजेशी नावे गोल्डिनने आधीच व्यवस्थापकांच्या संघटनेकडे नोंदवून ठेवली होती. सेल्बिटला स्वतःचाच खेळ निराळ्या नावाने दाखवावा लागला. गोल्डिनच्या कल्पनेचा उगम स्वतंत्र होता असे मानले तरी त्याचे हे वर्तन स्वतंत्रच तपासावे लागते.

कायदा येथे फारसा साहाय्यकारी ठरत नाही. गोल्डिनने १९२३ साली आपल्या उपकरणाचे पेटंट मिळवले. परंतु पेटंट मिळवावयाचे तर युक्ती प्रसिद्ध करावी लागते, आणि प्रसिद्ध झालेली युक्ती ही गुपित राहत नाही. १९३३ मध्ये एका सिगारेट कंपनीने जाहिरातीत हा खेळ उघड करून दाखवला. गोल्डिन न्यायालयात गेला. १९३८ साली त्याचा दावा फेटाळला गेला. उलट, टेलर या अमेरिकन जादूगाराने आपल्या ‘शॅडोज’ या मूकप्रयोगाची १९८३ साली नाट्यकृती म्हणून नोंदणी केली होती. त्या प्रयोगात गुलाबाच्या सावलीवर सुरी चालवताच खऱ्या गुलाबाच्या पाकळ्या गळून पडतात. एका बेल्जियन कलावंताने तत्सम प्रयोग प्रसिद्ध केल्यावर टेलरने दावा लावला आणि २०१४ साली नेवाडातील न्यायालयाने कॉपीराइटच्या मुद्द्यावर त्याच्या बाजूने निर्णय दिला. तो निर्णय मांडणीचे, म्हणजे नाट्यरूपाचे, रक्षण करतो, युक्तीचे नव्हे. सारांश, जी गोष्ट जादूगाराला सर्वांत मोलाची वाटते तिचेच रक्षण कायद्याला करता येत नाही. ते काम व्यवसायबंधूंच्या मताकडे, म्हणजेच लौकिकाकडे, येते.

आता अजाणता घडणाऱ्या चौर्याकडे वळू. विसरलेली आठवण नव्या कल्पनेच्या रूपाने वर येते, या घटनेस मानसशास्त्रात क्रिप्टोम्नेशिया म्हणतात. तिला आपण प्रच्छन्न स्मृती म्हणू. ॲलन ब्राउन व डेना मर्फी यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लहान गटातील व्यक्तींना आळीपाळीने एखाद्या वर्गातील वस्तूंची नावे सांगावयास लावले. नंतर आपण स्वतः सांगितलेली नावे आठवण्यास आणि कोणीही न सांगितलेली नवी नावे देण्यास सांगितले. दुसऱ्याचे नाव वापरू नये अशी स्पष्ट सूचना असूनही काही प्रमाणात दुसऱ्यांची उत्तरे स्वतःची म्हणून पुढे आली. यावरून असे दिसते की, आशय स्मरणात राहतो. तो कोणाकडून आला ही खूण मात्र त्याआधीच पुसट होते.

जादूगाराची परिस्थिती या दोषास विशेष अनुकूल आहे. तो विद्या पुष्कळ अंशी तोंडी शिकतो, खाजगी बैठकींत एकमेकांचे हात पाहतो, आणि पाहिलेली हालचाल शेकडो वेळा घोटून अंगवळणी पाडतो. जी गोष्ट हातात मुरली ती आपलीच वाटू लागते. त्यात गुप्ततेमुळे लेखी नोंद तुटपुंजी राहते. म्हणून ज्या साधनाने स्मृतीची ही चूक दुरुस्त व्हावी तेच साधन दुर्बळ असते.

अशा वेळी टीकेचे कार्य कोणते? टीका वंशावळ लावू शकते. हेतू सिद्ध करणे तिच्या आवाक्याबाहेरचे असते. हूडिनीचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. ज्याच्या नावावरून त्याने स्वतःचे नाव घेतले त्या रोबेर-उदॅंवर त्याने १९०८ साली ग्रंथ लिहून त्याचे खेळ पूर्वसूरींकडून घेतलेले आहेत असा आरोप केला. आरोपात तथ्यांश होता. १८४७ साली रोबेर-उदॅंने आपल्या मुलास कोपराशी एका काठीच्या आधारावर अधांतरी ठेवून दाखवले; परंतु मद्रासकडील शेषल नावाच्या ब्राह्मणाच्या तशाच आसनाची वर्णने १८३२ च्या सुमारास इंग्रजी नियतकालिकांत येऊन गेली होती. तथापि पूर्वरूप दाखवणे निराळे आणि चोरी सिद्ध करणे निराळे. ईथरच्या गुंगीची कथा रचून त्या परिणामाला नवा अर्थ देणे हे रोबेर-उदॅंचेच कर्तृत्व होते. तो १८७१ मध्येच निवर्तला असल्याने उत्तर देण्यासही उरला नव्हता. मॉरिस सार्दिना याने १९४७ साली हूडिनीच्या प्रतिपादनातील चुका दाखवल्या, आणि अतिरेकी टीकेमुळे टीकाकाराचाच लौकिक उणावला. आपल्याकडील पी. सी. सरकार यांच्यावरही १९५५ मध्ये कालानाग या जर्मन जादूगाराने खेळ उचलल्याचा आरोप केला असता अनेक व्यवसायबंधूंनी सरकारांची बाजू घेतली.

या विवेचनावरून एक निष्कर्ष निघतो. कल्पना सुचल्याच्या क्षणी मनात काय होते हे इतरांस कळत नाही आणि प्रच्छन्न स्मृतीमुळे खुद्द कर्त्यासही खात्रीने सांगता येत नाही. म्हणून निवाडा त्या क्षणावर आधारणे अन्यायाचे होय. जे पाहता येते ते आधीचे व नंतरचे वर्तन. प्रयोग प्रसिद्ध करण्यापूर्वी कर्त्याने जाणकारांस विचारले काय? पूर्वरूप दाखवून दिल्यावर त्याने श्रेय दिले, संमती मागितली, प्रसंगी खेळ मागे घेतला, की गोल्डिनप्रमाणे नावेच अडवून धरली? अजाणता घडलेले चौर्य क्षम्य असते ते कळेपर्यंतच. कळल्यानंतरचे मौन हे जाणूनबुजून केलेले असते. टीकाकारावरही तितकेच बंधन आहे. त्याने साम्य दाखवावे, कालक्रम दाखवावा आणि कर्त्यास उत्तराची संधी द्यावी. जेथे पुरावा स्वभावतःच झाकलेला असतो तेथे लौकिक हाच कलावंताचा एकमेव ठेवा असतो, आणि तो हिरावून घेताना युक्ती हिरावताना लागणाऱ्या संकोचापेक्षा अधिक संकोच बाळगला पाहिजे.