नवा राउटर घेतला, दिवे लागले, पण नेट येईना गेलं: मोडेम आणि राउटरची गाठ कुठं अडकते?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे', 'तर मग' थोडे गाळलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

[००:००] प्रश्न काय आहे

आजचा भाग नांदेड-लातूरच्या श्रोत्यांनी मागून घेतलाय असं म्हटलं तरी चालेल. लातूरहून एका ताईंचा मेसेज आला होता. त्या क्लासच्या पोरींना खोल्या भाड्यानं देतात, औसा रोडच्या बाजूला. त्यांनी लिहिलं, "दादा, जुन्या डब्याचं वायफाय वरच्या मजल्यावर पोचत नव्हतं म्हणून नवीन राउटर आणला. सगळे दिवे लागायलेत, मोबाईलला वायफाय पण दिसायलंय, पण नेट येईना गेलंय. पोरींची रविवारी ऑनलाइन टेस्ट आहे. दुकानदार म्हणतो राउटर चांगला आहे, लाइनवाला म्हणतो लाइन चांगली आहे. मग खराब काय आहे?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. बहुतेक वेळा खराब काहीच नसतं. दोन चांगल्या डब्यांची एकमेकांशी ओळख झालेली नसते, एवढंच. ती ओळख कशी करून द्यायची, आणि घोळ नेमका कुणाच्या बाजूला आहे हे पंधरा-वीस मिनिटांत कसं शोधायचं, ते आज बघू.

[०१:१०] आधी हे ठरवू: तुमच्या घरात मोडेम आहे का?

आपण भिंतीवरच्या डब्याला सवयीनं मोडेम म्हणतो. खरा मोडेम तांब्याच्या तारेवर चालायचा. बीएसएनएलनं २००५ साली डेटावन नावानं ब्रॉडबँड सुरू केलं, तेव्हा टेलिफोनच्या तारेतूनच नेट यायचं. तारेवरच्या लहरींचं डेटात आणि डेटाचं लहरींत रूपांतर करायचं, हे त्या डब्याचं काम.

आता नांदेडात काय किंवा लातुरात काय, खांबावरून बारीक काळी वायर येते ती फायबर. तिच्यातून प्रकाश येतो. तो प्रकाश पकडणाऱ्या डब्याला ओएनटी म्हणतात, आपले लाइनवाले ओएनयू पण म्हणतात. आज मी 'मोडेम' म्हणेन तेव्हा हाच डबा समजा.

याचे दोन परिणाम लक्षात ठेवा. एक, गंजगोलाईत किंवा वजिराबादला दुकानात गेलात आणि 'मोडेम राउटर द्या' म्हणालात, तर कधीकधी जुन्या टेलिफोन लाइनचा एडीएसएल राउटर हातात येतो. त्याच्या मागं टेलिफोनचं छोटं सॉकेट असतं. तो फायबरला उपयोगाचा नाही. तुम्हाला 'वॅन पोर्टवाला राउटर' हवाय.

दोन, ओएनटी तुम्ही परस्पर बदलू शकत नाही. त्याचा सिरियल नंबर कंपनीच्या मुख्य यंत्रात नोंदवलेला असतो. दुसरा डबा लावला तर तिकडून त्याला ओळखच मिळत नाही. म्हणून राउटर तुमचा, पण ओएनटी त्यांचा, ही सीमारेषा डोक्यात ठेवा.

[०२:४०] दिवे वाचायला शिका

ओएनटीवर साधारण चार दिवे बघायचे असतात.

पॉवर: हा लागला नाही तर अडॅप्टर बघा. ओएनटी आणि राउटर दोघांच्या अडॅप्टरची पिन पुष्कळदा सारखीच असते, पण एकाला १२ व्होल्ट लागतात आणि दुसऱ्याला ९ किंवा ५. अदलाबदल झाली की डबा सारखा बंद-चालू होतो, किंवा कायमचा जातो. डब्याच्या तळाशी आणि अडॅप्टरवर आकडा छापलेला असतो, तो जुळवा.

पॉन: हा हिरवा आणि स्थिर पाहिजे. लुकलुकत असेल तर नोंदणी अजून झालेली नाही.

लॉस: हा लाल लागला, तर प्रकाशच येत नाही. वायर कुठंतरी तुटलीय, जास्त वाकलीय किंवा जोड निसटलाय. रस्ता खोदला, वाऱ्यात फांदी पडली, नाहीतर घरातच कपाटामागं वायर दाबली गेली. अशा वेळी राउटरच्या सेटिंगमध्ये बोटं घालून काही उपयोग नाही, लाइनवाल्याला फोन करा. आणि एक सांगतो, फायबरच्या टोकात डोळा लावून बघू नका. आतला लेझर डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

लॅन: राउटरची केबल जिथं लावली तिथला हा दिवा. केबल लावूनही तो लागला नाही, तर केबल किंवा पोर्ट बघा.

[०४:००] केबल कुठून कुठं

ओएनटीच्या 'लॅन १' मधून निघालेली केबल राउटरच्या 'वॅन' मध्ये गेली पाहिजे. वॅनचं छिद्र बहुतेक राउटरवर वेगळ्या रंगाचं असतं. लॅनमधून लॅनमध्ये लावली की वायफाय दिसतं, पण राउटर स्वतः नेट मागतच नाही. ओएनटीवर 'टेल' लिहिलेलं छोटं छिद्र फोनचं आहे, ते सोडून द्या.

केबलचं पण बघा. आत आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला चार पुरतात, १००० ला आठही लागतात. म्हणून घरी क्रिम्प केलेल्या केबलची एखादी तार सुटली की नेट बंद पडत नाही, पण २०० चा प्लॅन असून स्पीड ९०-९५ च्या वर जात नाही. लोक कंपनीला शिव्या घालत बसतात आणि दोष सापडतो तीस रुपयांच्या वायरीत.

[०४:५०] चालू करायचा क्रम

दोन्ही डबे बंद करा. आधी ओएनटी चालू करा, पॉन स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटं थांबा. मग राउटर चालू करा. राउटर उठल्या उठल्या ओएनटीकडं पत्ता मागतो. ओएनटी अजून झोपेत असेल तर त्याला उत्तर मिळत नाही, आणि काही राउटर लगेच पुन्हा विचारत नाहीत. लाइट गेल्यावर आणि आल्यावर नेट 'आपोआप' बिघडतं, त्याचं एक कारण हेच. इन्व्हर्टरवर फक्त राउटर असेल आणि ओएनटी नसेल, तरी हाच गोंधळ होतो. दोन्ही डबे एकाच इन्व्हर्टर लाइनवर किंवा छोट्या यूपीएसवर ठेवा.

[०५:३०] अर्धं-अर्धं करा

आम्ही सॉफ्टवेअरमध्ये बग शोधताना एक साधी युक्ती वापरतो. रस्ता मधोमध तोडायचा आणि बिघाड कोणत्या अर्ध्यात आहे ते बघायचं. इथंही तेच करा. राउटरची केबल काढा आणि थेट लॅपटॉपला लावा. लॅपटॉपचं वायफाय बंद ठेवा.

लॅपटॉपवर नेट आलं: लाइन आणि ओएनटी ठीक आहे, घोळ राउटरच्या सेटिंगमध्ये आहे.

नेट आलं नाही: थांबा, लगेच लाइनवाल्यावर ढकलू नका. ओएनटी 'ब्रिज' मोडमध्ये असेल तर लॅपटॉपला युजरनेम-पासवर्ड टाकल्याशिवाय नेट मिळणारच नाही. ते पुढं सांगतो.

लॅपटॉप नसेल तर ओएनटीचं स्वतःचं वायफाय मोबाईलला जोडून बघा. त्यावर नेट चालत असेल तर निष्कर्ष तोच.

[०६:२०] खरा घोळ: युजरनेम कोण टाकतंय?

हा आजच्या भागातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. बीएसएनएलच्या फायबरला, आणि आपल्याकडच्या बऱ्याच केबलवाल्यांच्या नेटला, पीपीपीओई लागतं. म्हणजे कुणीतरी युजरनेम आणि पासवर्ड सांगून दार उघडून घ्यायचं. प्रश्न एवढाच, की कुणी? ओएनटीनं की राउटरनं?

प्रकार पहिला: ओएनटीमध्येच युजरनेम भरलेलं आहे. मग दार आधीच उघडलंय. नव्या राउटरला वॅनच्या सेटिंगमध्ये 'डायनॅमिक आयपी' ठेवायचं, बाकी काही नाही.

प्रकार दुसरा: ओएनटी ब्रिज मोडमध्ये आहे, म्हणजे नुसता पाइप. मग राउटरमध्ये 'पीपीपीओई' निवडून युजरनेम-पासवर्ड टाकायचं. काही कंपन्यांत एक व्हीलॅन नंबरही द्यावा लागतो, तो त्यांच्याकडूनच मिळेल.

सुरुवातीच्या ताईंचं इथंच अडकलं होतं. ओएनटी आधीच लॉगिन करून बसलेला, आणि राउटर पहिल्यांदा चालू करताना दुकानदाराच्या पोरानं 'पीपीपीओई' निवडून तेच युजरनेम भरलेलं. एका युजरनेमवर बहुधा एकच लॉगिन चालतं. राउटर दार वाजवत राहिला, आतून कुणी उघडेना. सेटिंग 'डायनॅमिक' केलं आणि दोन मिनिटांत नेट आलं. दुकानदार खोटा नव्हता, लाइनवालाही खोटा नव्हता.

[०७:५०] राउटरच्या पानावरचा एक आकडा वाचा

ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका, तो डब्याच्या तळाशी छापलेला असतो. आत 'स्टेटस' मध्ये 'वॅन आयपी' शोधा. तो आकडा बरंच काही सांगतो.

०.०.०.० : राउटरला काहीच मिळालेलं नाही. केबल, मोड किंवा युजरनेम बघा.

१९२.१६८ नं सुरू : ओएनटी पत्ता देतोय, म्हणजे प्रकार पहिला. दोन डब्यांची ओळख झाली.

१०० नं सुरू आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधला : कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटून देतेय. नेट चालतं, पण बाहेरून घरचा कॅमेरा थेट बघायचा असेल तर अडचण येते.

यापैकी काहीच नाही, वेगळाच आकडा : थेट सार्वजनिक पत्ता मिळालेला असू शकतो. तसं असेल तर उत्तम.

[०८:४०] दोघांचा घर नंबर एकच

वॅन आयपी मिळाला, तरी नेट नाही? मग हे बघा. ओएनटीचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि नव्या राउटरचाही १९२.१६८.१.१. एकाच गल्लीत दोन घरांना एकच नंबर दिल्यावर पोस्टमन काय करणार? राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये पत्ता १९२.१६८.५०.१ करा, सेव्ह करा, मोबाईल पुन्हा जोडा. पुष्कळ नवे राउटर हे स्वतःहून ओळखतात, सगळे नाही.

आणि तुम्हाला फक्त वरच्या मजल्यावर वायफाय पाहिजे असेल, तर सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे राउटर 'ॲक्सेस पॉइंट' मोडमध्ये टाकणं. मग पत्ते वाटायचं काम ओएनटीच करतो, राउटर फक्त वायफाय पसरवतो. भांडणच उरत नाही.

[०९:३०] जुन्या डब्याची आठवण

काही केबलवाले पहिल्या राउटरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या यंत्राचा जन्मजात क्रमांक, आपल्याकडं बांधून ठेवतात. नवा डबा लावला की क्रमांक जुळत नाही आणि नेट मिळत नाही. यावर दोन उपाय. फोन करून सांगायचं, "मॅक रिसेट करा, राउटर बदललाय." नाहीतर राउटरमधल्या 'मॅक क्लोन' मध्ये जुन्या राउटरचा क्रमांक टाकायचा, तो जुन्या डब्याखालच्या स्टिकरवर असतो. म्हणून जुना डबा भंगारात द्यायची घाई करू नका.

अजून एक छोटी गोष्ट. काही साइट उघडतात आणि काही नुसत्या फिरत राहतात, असं पीपीपीओईवर होत असेल तर एमटीयू १४९२ करून बघा. पीपीपीओई प्रत्येक पाकिटातले ८ बाइट स्वतःसाठी घेतं, म्हणून १५०० मधून ८ वजा.

[१०:२०] लाइनवाल्याला काय विचारायचं

'नेट चालेना' म्हणालात की उत्तर येतं 'बंद करून चालू करा'. त्याऐवजी हे चार प्रश्न विचारा:

१. ओएनटी ब्रिजमध्ये आहे की राउटर मोडमध्ये?
२. माझं पीपीपीओई युजरनेम-पासवर्ड काय आहे, आणि व्हीलॅन लागतो का?
३. मॅक बांधलाय का? असेल तर रिसेट करा.
४. माझ्या ओएनटीला प्रकाश किती पोचतोय?

चौथ्याचं उत्तर उणे आकड्यात येतं. उणे १८ ते उणे २४ असेल तर निवांत राहा. उणे २७ च्या आसपास गेलं की डबा काठावर आहे, पाऊस पडला की तुटणार. मग जोड नीट करून मागा.

आणि युजरनेम-पासवर्ड मिळाला की वहीत लिहून ठेवा. तुम्ही पैसे भरता, कनेक्शन तुमच्या नावावर आहे. राउटर रिसेट झाला की दरवेळी कुणाच्या तरी येण्याची वाट बघायची गरज नाही. तक्रार केली तर डॉकेट नंबर घ्या. ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे पहिल्या पातळीवर निकाल लागला नाही, तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडं जाता येतं, आणि तिथं हाच नंबर लागतो.

[११:३०] जाता जाता

परीक्षा असेल, फॉर्मची शेवटची तारीख असेल किंवा ऑफिसचं काम असेल, तर नवा राउटर आदल्या रात्री लावू नका. तीन-चार दिवस आधी लावा, आणि त्या दिवसापुरता मोबाईलचा हॉटस्पॉट तयार ठेवा, शक्यतो वेगळ्या कंपनीच्या सिमवर. नेट सुरू झालं की राउटरचा 'ॲडमिन' पासवर्ड बदला, विशेषतः खोल्या भाड्यानं देत असाल तर.

थोडक्यात क्रम असा: दिवे, केबल, चालू करायचा क्रम, थेट लॅपटॉप, मोड, वॅन आयपी, मग फोन. या क्रमानं गेलात तर लाइनवाल्याला काय सांगायचं ते तुम्हाला पक्कं माहीत असेल. तुमचा वॅन आयपी शून्यच दाखवत असेल, तर दिव्यांचा रंग आणि मोड लिहून पाठवा, पण पासवर्ड पाठवू नका. पुढच्या भागात एकाच घरात दोन राउटर असताना वायफायचं चॅनल कसं निवडायचं ते बघू. भेटू.