थायलंडमध्ये धंदा करायचाय? मग घर सगळ्यात शेवटी शोधा



थायलंडमध्ये धंदा करण्याचा विषय निघाला की बरेच जण पहिला प्रश्न हाच विचारतात, "सर, राहायचं कुठे? बँकॉक बरं की फुकेत?" प्रश्न चुकीचा नाही, फक्त फार लवकर विचारलेला आहे. पुण्यात दुकान टाकताना तुम्ही आधी फ्लॅट घेता आणि मग त्याच्या आसपास कुठला धंदा चालेल ते बघता का? नाही ना? मग परदेशात गेल्यावर आपण नेमकं तेच का करतो? कारण तो देश आपण पहिल्यांदा सुट्टीत बघितलेला असतो, आणि सुट्टीतला माणूस समुद्र बघतो, गल्ला बघत नाही.

माझ्या एका बॅचमध्ये नाशिकचं एक जोडपं होतं. जानेवारीत फुकेतला फिरायला गेले. आभाळ निळं, समुद्र शांत, रस्त्यावर पर्यटकांची झुंबड आणि त्यात आपले लोकही भरपूर. तिथेच ठरलं, इथे छोटं शाकाहारी हॉटेल काढायचं. माझ्याकडे सल्ल्याला आले तेव्हा घराचं एक वर्षाचं अ‍ॅग्रीमेंट झालेलं होतं. दोन महिन्यांचं डिपॉझिट, एका महिन्याचं आगाऊ भाडं, बीच चालत पाच मिनिटांवर. हॉटेलची जागा? बघतोय. पार्टनर? शोधतोय. परवाने? "ते होईल हो सर."

ते होईपर्यंत जून उजाडला. जूनमध्ये फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर लाल झेंडे लागतात, समुद्रात उतरू नका म्हणून. सात महिन्यांचं भाडं गेलं, मुदतीआधी घर सोडलं म्हणून डिपॉझिटही गेलं, आणि एक प्लेट थालीपीठ विकलं गेलं नाही. घरमालकाने त्यांना फसवलं नव्हतं. सगळं अ‍ॅग्रीमेंटप्रमाणेच झालं.

म्हणून आज आपण क्रम उलटा लावूया.

आधी कागद, कारण कागदच गाव ठरवतो

थायलंडमध्ये परदेशी माणसाच्या धंद्यासाठी १९९९ चा कायदा आहे. कंपनीत निम्मे किंवा जास्त शेअर परदेशी माणसांचे असले की ती कंपनी परदेशी समजली जाते. मग हॉटेल, छोटं किरकोळ दुकान, बहुतेक सर्व्हिसचे धंदे, हे खास परवाना मिळाल्याशिवाय करता येत नाहीत. म्हणून बहुतेक छोटे व्यावसायिक ४९ टक्के स्वतःकडे ठेवतात आणि ५१ टक्के थाई पार्टनरकडे. आता तुम्ही म्हणाल, कागदावर कुणाचं तरी नाव घालू. इथेच थांबा. नावापुरता पार्टनर उभा करणं हा तिथे गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पार्टनर खरा हवा. पैसे घातलेला, धंद्यात बसणारा.

खरा पार्टनर म्हटलं की तो कुठल्या तरी गावचा असणार, त्याची ओळखपाळख तिथेच असणार. शिवाय तुम्हाला वर्क परमिट हवं असेल तर साधारण नियम असा की एका परदेशी माणसामागे २० लाख बाथ नोंदलेलं भांडवल आणि चार थाई कर्मचारी. एक बाथ म्हणजे अडीच-तीन रुपये धरून चाला आणि आकडा एकदा स्वतः करून बघा. हे चार कर्मचारी तुमच्या आवडत्या बीचवर राहत नाहीत. ते जिथे मिळतात, जिथून वेळेवर येऊ शकतात, तिथे तुमचा धंदा.

टुरिस्ट म्हणून आत जाता येतं, काम करता येत नाही. मित्राच्या काउंटरवर सहज बसलो होतो, हे उत्तर तिथे चालत नाही. आणि केस कापणं, टूर गाइड, थाई मसाज, फेरीवाल्याचा धंदा अशी काही कामं थाई लोकांसाठीच राखीव आहेत. ज्यांना आपल्या पर्यटकांना गाइड म्हणून फिरवायची कल्पना सुचली असेल त्यांनी ती इथेच सोडून द्या.

गिऱ्हाईक कुठे उभं आहे?

कपड्याचा धंदा असेल तर बँकॉकमधला प्रतुनाम भाग होलसेलचा. सकाळी तिथे गठ्ठे हलताना बघितले की आपल्या इचलकरंजी-उल्हासनगरच्या माणसाला परकं वाटणार नाही. कापड, साड्या, लग्नाचं सामान म्हटलं की पाहुरात. शीख व्यापाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वसवलेला बाजार, गुरुद्वाराही तिथेच, हिंदी-पंजाबी सहज ऐकू येते. रत्नं-दागिन्यांचं काम असेल तर सिलोम आणि बांगराकचा पट्टा. रंगीत खड्यांचा मोठा बाजार मात्र बँकॉकपासून साधारण अडीचशे किलोमीटरवर चंथाबुरीला भरतो, तोही आठवड्याच्या शेवटी. त्यामुळे खड्यांचा व्यापारी बँकॉकमध्ये राहून तिकडे ये-जा करू शकतो. त्याने चंथाबुरीत घर केलंच पाहिजे असं नाही.

फुकेत आणि पटाया पर्यटकांवर चालतात. तिथे धंदा होत नाही असं मी म्हणत नाही. पण पर्यटकांचा धंदा म्हणजे हंगामाचा धंदा. आपल्या महाबळेश्वरच्या दुकानदाराला विचारा, पावसाळ्यात तो काय करतो? त्याचं घर स्वतःचं असतं, म्हणून तो तग धरतो. तुमचं भाड्याचं आहे.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. मुंबईहून बँकॉक विमानाने साधारण चार-साडेचार तास, आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास पुढे. माल इकडून मागवायचा असेल, नाशिकच्या-सोलापूरच्या माणसाशी रोज बोलायचं असेल, तर अमेरिका-युरोपसारखी रात्र जागवावी लागत नाही.

सगळ्यात वाईट महिना बघून या

हा भाग नीट वाचा, कारण इथेच जास्त लोकांचे हात पोळतात.

उष्ण देश म्हणजे वर्षभर सारखंच ऊन, असा आपला समज. आपणच मान्सूनवाले, तरी हे विसरतो. कोकणात जूनमध्ये धो-धो पडतो आणि चेन्नईला खरा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतो, बरोबर? थायलंडमध्येही तसंच. फुकेत अंदमानच्या समुद्राकडे आहे, म्हणजे कोकणासारखं. मे ते ऑक्टोबर पाऊस. कोह सामुई दुसऱ्या बाजूला, थायलंडच्या आखातात, तिथे मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, त्यातही नोव्हेंबर. दोन्ही बेटं, दोन्हीकडे नारळ, पण मंदीचे महिने वेगळे. फुकेत जानेवारीत बघून "सगळी बेटं सारखीच" म्हणणाऱ्याला सामुईचा नोव्हेंबर शिकवून जातो.

चियांग माईचं वेगळंच. उत्तरेला डोंगरांनी वेढलेलं शहर, बँकॉकच्या मानाने स्वस्त, डिसेंबरमध्ये हवा अशी की परत यावंसं वाटत नाही. लॅपटॉपवर काम करणारे परदेशी तिथे खूप राहतात. पण फेब्रुवारी ते एप्रिल आसपास शेतातला काडीकचरा आणि जंगल जळतं, धूर खोऱ्यात अडकून बसतो, आणि त्या दिवसांत जगातल्या सगळ्यात खराब हवेच्या शहरांत चियांग माईचं नाव येतं. घरात दम्याचा पेशंट किंवा लहान मूल असेल तर हे महिने दुसरीकडे काढायचा खर्च आधीच हिशोबात धरा. मग ते "स्वस्त" शहर किती स्वस्त उरतं ते बघा.

बँकॉकचं दुखणं पाणी. शहर सखल आहे. २०११ च्या पुरात अयुत्थयाच्या औद्योगिक वसाहती बुडाल्या, बँकॉकच्या उत्तरेकडचा डॉन मुआंग विमानतळ पाण्याखाली गेला आणि २०१२ च्या मार्चमध्ये पुन्हा सुरू झाला. शहराचा मधला भाग मात्र बांध घालून बराचसा वाचला. म्हणजे एकाच शहरात काही किलोमीटरच्या अंतराने कुणाचं गोडाऊन गेलं आणि कुणाचं वाचलं. असा पूर रोज येत नाही. पण साध्या जोरदार पावसातही काही गल्ल्या गुडघाभर तुंबतात. एजंट हे सांगत नाही. कोपऱ्यावर नारिंगी जाकीट घालून बसलेला मोटरसायकल टॅक्सीवाला सांगतो, लाँड्रीवाली बाई सांगते. दुकानांचे उंबरे विनाकारण उंच दिसले तर समजून जा.

बँकॉक ठरलं, तर गल्लीत किती आत?

बँकॉकमध्ये मोठ्या रस्त्याला फुटणाऱ्या गल्लीला सोय म्हणतात. (हो, सोय. पण प्रत्येक सोय सोयीची नसते.) जाहिरातीत "स्टेशनजवळ" लिहिलेलं असतं, आणि प्रत्यक्षात घर सोयच्या दीड किलोमीटर आत निघतं. भर दुपारी, दमट हवेत, हातात पिशव्या घेऊन ते अंतर एकदा चाला.

लांबचं स्वस्त घर खरंच स्वस्त पडतं का, हे बघायला एक गणित करू. आकडे समजण्यापुरते धरलेत, तुमचे तुम्ही टाका. लांबचं घर ८,००० बाथ, कामाजवळचं १३,०००. फरक ५,०००. लांबून येताना टॅक्सी-मोटरसायकलचे २० आणि ट्रेनचे ५०, जाता-येता मिळून १४०. महिन्याचे २६ दिवस धरले तर ३,६४०. म्हणजे वाचले १,३६०. रोजचे दोन तास प्रवासात, म्हणजे महिन्याला ५२ तास. तुम्ही तुमचा एक तास २६ बाथला विकलात! नोकरी करणाऱ्याला कदाचित परवडेल. ज्याला सकाळी माल उतरवून घ्यायचाय आणि रात्री गल्ला मोजायचाय त्याला नाही.

सुरुवातीला आपल्या लोकांच्या वस्तीजवळ राहा, त्यात कमीपणा नाही. डाळ, पीठ, मसाले मिळतात, कुणीतरी अडल्यानडल्याला भेटतं. फक्त सगळी माहिती त्यांच्याकडूनच घेऊ नका. दहा वर्षांपूर्वी त्यांना जे चाललं ते आता चालतंच असं नाही, आणि थाई पार्टनर काय म्हणतो ते समजायला थोडी थाई भाषा तुम्हालाच शिकावी लागेल.

सही करण्याआधी

परदेशी माणूस राहायला आला की त्याची नोंद घरमालकाने २४ तासांत इमिग्रेशनकडे करायची असते. तिला टीएम-३० म्हणतात. काही मालक कंटाळा करतात, काहींना करायचीच नसते. नोंद नसेल तर पुढे व्हिसाची मुदत वाढवताना हेलपाटे तुम्हालाच. म्हणून पहिल्या भेटीतच विचारा. त्याने टाळाटाळ केली तर घर कितीही छान असो, उठा.

विजेचा दर विचारा. सरकारी दर युनिटला चारेक बाथच्या आसपास असतो, पण बऱ्याच अपार्टमेंटमध्ये मालक स्वतःचा दर लावतात, सात-आठ बाथ. पश्चिमेची मोठी खिडकी, दिवसभर एसी आणि आठचा दर, असं तिन्ही एकत्र आलं तर बिल बघून घाम फुटेल. खाण्याचा धंदा करणाऱ्यांसाठी आणखी एक. बऱ्याच कॉन्डोमध्ये गॅस सिलिंडर चालत नाही. घरातून डबे करून देऊ, हा विचार असेल तर तिथे कायदाही आड येतो. कॉन्डोमध्ये धंद्यासाठी राखलेली जागा सोडून व्यापार करता येत नाही. कॉन्डो घेऊन रोजच्या भाड्याने पर्यटकांना देऊ, हाही बेत हॉटेल कायद्यात अडकतो.

विकत घेण्याचं म्हणाल तर जमीन परदेशी माणसाच्या नावावर होत नाही. कॉन्डो होतो, तोही इमारतीच्या एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी लोकांच्या नावावर असू शकतो. पहिल्या दोन वर्षांत या फंदात पडू नका. ते पैसे मालात घाला.

नाशिकचं ते जोडपं पुन्हा गेलं, दीड वर्षाने. या वेळी ऑगस्टमध्ये, भर पावसात. बँकॉकला महिन्याच्या बोलीवर एक खोली घेतली, प्रतुनामपासून चालत जाता येईल अशी. सहा आठवडे रोज सकाळी तो होलसेल बाजारात जाऊन बघायचा की आपले खरेदीला आलेले व्यापारी दुपारी जेवायला कुठे जातात, आणि ती वहीत लिहायची. पार्टनर त्या बाजारातच मिळाला. कागद तयार झाले, किचनची जागा ठरली, चार माणसं कामाला लागली. वर्षाच्या घराचं अ‍ॅग्रीमेंट त्यांनी त्यानंतर केलं, किचनपासून दोन सोय पलीकडे. तिथून समुद्र दिसत नाही.