तीस तारखेचा भाव

सकाळी साडेसहा

बंगळुरूजवळच्या आनेकल तालुक्यात जुन्या सामानाचा धंदा करणाऱ्याला महिनाअखेर कॅलेंडरात बघावी लागत नाही. फोन उघडला की फ्रीज, पलंग, वॉशिंग मशीन, ऑफिसची खुर्ची अशा जाहिरातींची रांग दिसते आणि बहुतेकींच्या खाली एकच ओळ असते: उद्या घर सोडतोय, लवकर न्या. इलेक्ट्रॉनिक सिटीतले भाडेकरू एक तारखेच्या आत घर रिकामं करतात. माझं गिऱ्हाईक मात्र जिगणी, बोम्मसंद्र, अत्तिबेलेच्या कारखान्यांतलं. त्यांच्या हातात पैसा येतो तो सात तारखेच्या आसपास. विकणारे तीसला, घेणारे सातनंतर. मधले आठ-दहा दिवस माल सांभाळायचा आणि पैसा अडकवून ठेवायचा, यावर माझं घर चालतं.

चहा होईपर्यंत भाव काढून ठेवतो. आधी तीच वस्तू आज नवी कितीला मिळते ते बघायचं. विकणारा स्वतःच्या बिलावरचा आकडा धरून बसलेला असतो आणि तो आकडा बऱ्याचदा शिळा झालेला असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून एसीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. नवा एसी उतरला तसा जुन्याचा भावही बसला. फ्रीज, वॉशिंग मशीन आधीपासूनच 18 टक्क्यांत होती, त्यांना काही झालं नाही. एका गृहस्थांनी एसीचे 24,000 सांगितलेत. उतरवणं, गॅस भरणं, तांब्याची पाइप, पुन्हा बसवणं हा सगळा खर्च घेणाऱ्याच्या अंगावर येतो. तो हिशेब लिहून मी 17,000 कळवतो. नुसता आकडा फेकला की माणूस दुखावतो, हिशेब दिला की निदान बोलणं चालू राहतं.

सकाळी दहा

इलेक्ट्रॉनिक सिटीच्या फेज टूमधली सोसायटी. सामान हलवायचं ते दहा ते पाच याच वेळेत, सर्व्हिस लिफ्टनं, घरमालकाच्या सहीचा गेट पास दाखवून. सातव्या मजल्यावर सोलापूरचं जोडपं राहतं, पुण्याला बदली झाली आहे. दोन दारांचा फ्रीज, 12,000 ची जाहिरात. काल फोनवर बोलताना मी मराठी ऐकलं आणि त्यांनीही. लोकांना वाटतं की भाषा जुळली की सौदा सोपा होतो. मला तर तो जड जातो. अनोळखी माणसाला मी बिनदिक्कत कमी भाव सांगतो. 'दादा, आधी चहा घ्या' म्हणणाऱ्या ताईंना तोच आकडा सांगताना जीभ अडखळते.

फ्रीज रात्रभर चालू ठेवा असं सांगितलंच होतं. धुऊन-पुसून बंद ठेवलेल्या फ्रीजवरून काहीच कळत नाही. बर्फ धरलाय का ते पाहिलं. कागदाची पट्टी दारात धरून दार लावलं. वरच्या दारात पट्टी घट्ट बसली, खालच्या दाराच्या कोपऱ्यात सहज सरकून हातात आली. गॅस्केट बदलावं लागणार. मागच्या स्टिकरवर बनावटीचं वर्ष पाहिलं. स्टार लेबलवरचं वर्षही पाहिलं, कारण निकष मधूनमधून कडक होतात आणि जुने चार स्टार आजच्या चार स्टारांइतके नसतात. कंप्रेसर चालू झाला, काही वेळानं आपणहून थांबला. हे सगळ्यांत महत्त्वाचं. न थांबणारा कंप्रेसर फुकट दिला तरी मी नेत नाही.

"दादा, खरं सांगा, किती देणार?"

"ताई, गॅस्केट, टेम्पो, हमाली धरून मला आठ परवडतात."

"काल एकजण नऊ म्हणाला होता."

"मग तो आला का नाही?"

त्या गप्प बसल्या. विमान उद्या दुपारचं, आणि घर रिकामं दाखवल्याशिवाय डिपॉझिट परत मिळणार नाही. मी सात म्हटलं असतं तरी फ्रीज मिळाला असता, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. या धंद्यात खरी परीक्षा इथे असते. वस्तूचा भाव आणि माणसाच्या घाईचा भाव वेगळा काढता आला पाहिजे. माल सांभाळण्याचे पैसे मी घेणारच, तो माझा हक्क आहे. समोरच्याकडे पर्यायच उरला नाही म्हणून वर आणखी हजार कापायचे, हे मला पटत नाही. नऊला ठरलं. पैसे तिथेच यूपीआयनं दिले. टेम्पोत फ्रीज उभाच बांधला, आडवा केला की कंप्रेसरचं तेल नळीत शिरतं.

दुपारी एक

चंदापुऱ्याच्या चौकात टेम्पो अडकलेला. तेवढ्यात सकाळच्या ताईंचा घाबरा फोन. सोफ्यासाठी कुणी 'लष्करातला अधिकारी' न बघताच पूर्ण रक्कम द्यायला तयार झालाय, क्यूआर कोड पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील म्हणतोय. मी म्हटलं, "ताई, पिन टाकू नका. पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो." ऑक्टोबर 2025 पासून एका माणसानं दुसऱ्याकडे यूपीआयवर पैशांची मागणी पाठवायची सोय बंद झाली, तशी एक वाट बुजली, पण कोड दाखवून फसवणं चालूच आहे. जो घासाघीस करत नाही, वस्तू बघत नाही, त्याच्यापासून जपायचं. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन करायचा, तास गेला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते.

दुपारी तीन

गोदाम. फ्रीज उतरवून चार तास बंद ठेवायचा. तोवर एका वॉशिंग मशीनचं बेअरिंग बदललं, फोटो काढले. ओरखड्याचा फोटो पहिला टाकतो. गिऱ्हाईक जिगणीहून दोन बस बदलून येतं. इथे आल्यावर त्याला खोट दिसली तर त्याचा दिवस जातो आणि माझंही नाव जातं. बिल नसलेला मोबाइल मी घेत नाही. बिल असलं तरी आयएमईआय नंबर 14422 वर एसएमएस करून तपासतो.

संध्याकाळी सात

कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करणारी रायचूरची बाई, बरोबर नवरा. गॅस्केटचा कोपरा मी स्वतःच दाखवला, उद्या नवं बसेल असं सांगितलं. मी 12,500 म्हटलं.

"अण्णा, स्वल्प कम्मी माडि."

तिनं दहा सांगितले. मी टेम्पो, हमाली, गॅस्केट मोजून दाखवलं. साडेअकराला जमलं, पण पगार सात तारखेला. हजाराचा विसार घेतला, वहीत नाव लिहिलं, आठ तारखेपर्यंत फ्रीज तिचा. मधल्या काळात कुणी बारा देऊ केले तरी तो हलणार नाही.

रात्री नऊ

एसीवाल्या गृहस्थांचं उत्तर आलं: अठरा. मी सकाळी येतो म्हणून कळवलं. मग एका मुलीचा निरोप, सागवानी पलंग, 7,000. फोटोवरून वस्तू चांगली दिसते. मी लिहिलं, आज मला पाच परवडतात. मैत्रिणीकडे आठवडाभर ठेवता आला तर स्वतः जाहिरात द्या, सात सहज येतील. तिनं विचारलं, मग तुम्ही का घेत नाही सातला? कारण तो आठवडा मला गोदामात काढावा लागतो, असं लिहिलं. दहा मिनिटांनी तिचं उत्तर: मैत्रिणीकडे जागा नाही, साडेपाच द्या. ठरलं. टेम्पोवाल्याला फोन केला. तो म्हणतो, साडेदहाच्या आत इलेक्ट्रॉनिक सिटीत पोचायचं तर आधी एसी, मग पलंग.