वाटेचे छायाचित्र

प्रवासाहून परतल्यावर मित्रमंडळींना छायाचित्रे दाखवण्याची हौस कोणाला नसते? साताऱ्याहून यवतेश्वराचा घाट चढून कासला जाणारी वळणे पाहिली, की घरबसल्या पाहणाऱ्याचेही पाय शिवशिवू लागतात!

पण ही छायाचित्रे निव्वळ हौसेचीच असतात असे मात्र नाही. सांगली जिल्ह्यातील भोसे गावचा सुमारे ४०० वर्षांचा वटवृक्ष २०२० साली महामार्गाच्या कामात जाणार होता. त्याची छायाचित्रे हातोहात पसरली, लोक जागे झाले आणि रस्त्याची आखणी बदलली. पुढे २०२२ साली तो वड आपणहून कोसळला.

तेव्हा वाचकहो, आवडत्या वाटेचे छायाचित्र आजच काढा, चारचौघांना दाखवा. वाट राहील, सावलीचा भरवसा कोणी द्यावा?