कार्बन फायबरमधून करंट जातो का? ड्रोनच्या दांडीपासून तेजसपर्यंत

मी वसमतहून बोलतोय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलण्यातलं बरंचसं तसंच ठेवलंय.

आमच्याकडं आता हळदीवर, सोयाबीनवर ड्रोननं फवारणी होते. ओळखीच्या एका पोराच्या ड्रोनची एक दांडी मागच्या हंगामात गरम होऊन धूर काढायला लागली. मोटर ठीक, बॅटरी ठीक. उघडून पाहिलं तर दांडीच्या कापलेल्या कडेला घासून प्लस-मायनस दोन्ही वायरी सोलल्या होत्या. तो म्हणाला, "दादा, प्लास्टिकच्या पाइपाला वायर लागली म्हणून काय झालं?" म्हणलं, बाबा, हे प्लास्टिक नाही, कार्बन फायबर आहे. यातून करंट जातो.

ती दांडी मी घरी आणली आणि मल्टिमीटर लावला. वरच्या गुळगुळीत भागावर दोन्ही टोकं टेकवली, तर काटा हलेना. लाकडाला लावल्यासारखं. मग पॉलिश पेपरनं दोन जागा घासल्या आणि परत टेकवलं. लगेच बीप! वस्तू तीच, फक्त वरचा थर गेला.

सगळी गंमत त्या थरात आहे. कार्बनचा एक धागा साधारण ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा. असे हजारो धागे इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून, थरावर थर लावून भट्टीत पक्के करतात. धागा करंट नेतो, रेझिन अजिबात नेत नाही. त्यामुळं धाग्याच्या दिशेनं करंट बरा पळतो, पण एका थरातून खालच्या थरात जायचं म्हटलं की रेझिन आडवं येतं. त्या दिशेला वाहकता हजारो पटींनी कमी होते. आणि धाग्याची ती 'बरी' वाहकतासुद्धा तांब्याच्या मानानं जवळजवळ हजारपट कमीच, बरं का.

म्हणजे बॅटरीची वायर शॉर्ट करायला पुरेशी, पण आभाळातली वीज झेलायला अपुरी. मला हे मटेरियल याच विचित्रपणासाठी आवडतं.

विजेचा विषय निघालाच आहे तर विमानाकडं येऊ. प्रवासी विमानावर सरासरी वर्षातून एकदा तरी वीज पडते. जुनी विमानं ॲल्युमिनियमची. वीज एका टोकाला शिरायची, पत्र्यावरून पळायची, दुसऱ्या टोकानं निघून जायची. पण बोइंग ७८७ वजनानं निम्मं कंपोझिटचं आहे. आपलं तेजस, जे आता नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यातही बनतं, त्याचा बहुतेक बाहेरचा पृष्ठभाग कार्बन कंपोझिटचाच. चाचणीत विमानाच्या भागांना २ लाख अँपिअरपर्यंतचा झटका देतात. घरातला एमसीबी १६ किंवा ३२ अँपिअरचा असतो, यावरून अंदाज करा. एवढा करंट कार्बनमध्ये अडला की उष्णता होते, आतल्या रेझिनचा वायू होतो, त्याला बाहेर पडायला वाट नसते आणि थर फाटून उकलतात. पंखातच इंधन असतं, तिथं ठिणगी पडली तर काय होईल ते सांगायला नको.

मग उपाय काय? सध्याचा भरवशाचा उपाय एकदम साधा: रंगाच्या खाली, सगळ्यात वरच्या थरात तांब्याची बारीक जाळी. हलकी जाळी चौरस मीटरला ७३ ग्रॅम भरते. ॲल्युमिनियम स्वस्त आणि हलकं, पण कार्बनला चिकटून असलं आणि ओल लागली की ते गंजत जातं. म्हणून तांबं.

पण जाळीचीही डोकेदुखी आहेच. कतार एअरवेजनं एअरबस ए३५० विमानांचा रंग सोलला जातोय आणि खालची तांब्याची जाळी उघडी पडतेय म्हणून विमानं जमिनीवर उभी केली आणि २०२१ च्या डिसेंबरात लंडनच्या कोर्टात दावा ठोकला. एअरबसचं म्हणणं, दोष वरवरचा आहे, उड्डाणाला धोका नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत तडजोड झाली. जाळी, रंग, कार्बन यांचं थंडी-उन्हात आकुंचन-प्रसरण सारखं नसतं. विमान धावपट्टीवर तापतं आणि वर गेलं की गोठतं, रोज. त्यात थर टिकवणं सोपं नाही.

म्हणून दुसरी वाट शोधणं चाललंय: रेझिनलाच वाहक करायचं. त्यात कार्बन नॅनोट्यूब किंवा ग्राफीन मिसळतात. घमेली हातोहात देणाऱ्या माणसांची रांग डोळ्यांपुढं आणा. मध्ये एक जागा रिकामी, तर घमेलं अडलं. माणसं पुरेशी झाली की अचानक काम सुरू. नॅनोट्यूब लांब आणि बारीक असल्यामुळं कधीकधी एका टक्क्याहूनही कमी मिसळल्या तरी रांग पूर्ण होते. अडचण अशी, की त्या आपसात गोळे करतात आणि रेझिन घट्ट होतं, मग ते धाग्यांमध्ये नीट मुरत नाही. शिवाय असं रेझिनही तांब्याच्या आसपाससुद्धा पोचत नाही. माझं मत विचाराल तर स्थिर विद्युत काढून टाकायला, थरांमधला अडसर कमी करायला हे चांगलं. विजेच्या थेट तडाख्यापुढं अजून जाळीच. काही जण धाग्यांवर निकेलचा मुलामा देतात, पण त्यानं वजन आणि खर्च दोन्ही वाढतात.

आता परत ड्रोनवर. त्या पोरानं कापलेल्या कडा घासून त्यावर इपॉक्सीचा हात दिला आणि वायरीवर जाड नळी चढवली. दांडी घासताना मास्क लावायला सांगितलं, कारण ती काळी धूळ नाकालाही वाईट आणि सर्किट बोर्डालाही. जाता जाता त्यानं विचारलं, जीपीएसचा अँटेना एवढ्या उंच काठीवर का बसवलाय? एक कारण तेच: खालची कार्बनची प्लेट करंट नेते, म्हणून रेडिओ लहरीही अडवते.